एकच पिकअप असलेली स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. काही वर्षं ॲकूस्टिक वाजवलीत, आता इलेक्ट्रिक घ्यायची आहे. गिटार आणि छोटा ॲम्प मिळून पंचवीस हजारांच्या आत बसवायचं आहे. पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानात ब्रिजजवळ (तारा जिथे बॉडीवर टेकतात तिथे) एकच हम्बकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप (पिकअप म्हणजे तारांची हालचाल विजेच्या संकेतात बदलणारं, तारांखालचं चुंबक आणि कॉइल), एकच व्हॉल्यूमचा नॉब आणि बाकी काहीच नाही अशी गिटार पाहिलीत आणि ती डोक्यातून जात नाही. मित्र म्हणतात, वर्षभरात कंटाळशील. ऐकता रॉक आणि पंक, वाजवायचं मात्र ऑफिसच्या बँडमध्ये आणि वाकडच्या सोसायटीच्या गणपतीत.

मी गिटारींचे सेटअप आणि दुरुस्तीची कामं करतो आणि बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलतो. एक सांगून ठेवतो, माझ्या टेबलावर येतात त्या बहुतेक तक्रारी घेऊन आलेल्या गिटारी. ज्यांची मजेत चालली आहे ते माझ्याकडे कशाला येतील? तेवढी सूट माझ्या मताला द्या.

पिकअप एक की दोन, हा माझ्या मते तुमचा खरा प्रश्न नाही. तो एक पिकअप कुठे बसवला आहे आणि तिथून निघणारा आवाज तुम्हाला प्रत्यक्षात वाजवाव्या लागणाऱ्या गाण्यांना पुरतो का, हा आहे. तुमच्या पत्रात ‘ऐकतो’ एक आणि ‘वाजवायचं आहे’ दुसरं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

एक पिकअप म्हणजे काटकसरीची, दुय्यम गिटार, असं मात्र नाही. फेंडरची एस्क्वायर १९५० मध्ये आली, तिची सगळ्यांना माहीत असलेली आवृत्ती एका पिकअपचीच. गिब्सनने १९५४ मध्ये लेस पॉल ज्युनिअर काढली ती शिकाऊ मुलांसाठी: सपाट महोगनीची फळी, ब्रिजजवळ एक पी-९० (एका कॉइलचा) पिकअप, दोन नॉब. पुढे तीच गिटार रॉकवाल्यांनी डोक्यावर घेतली, माउंटनच्या लेस्ली वेस्टपासून ग्रीन डेच्या बिली जो आर्मस्ट्राँगपर्यंत. एडी व्हॅन हेलनने स्वतः जुळवलेली ती प्रसिद्ध पट्ट्यापट्ट्यांची गिटारही कामापुरती एका हम्बकरची आणि एका नॉबचीच होती. पुढचा पिकअप नुसता दाखवायला. आणि एक पिकअप म्हणजे ब्रिजजवळचाच असतो असंही नाही. फेंडरच्या १९५६ च्या म्युझिकमास्टरमध्ये तो मानेजवळ आहे. तुम्ही पाहिलेली गिटार ज्युनिअरच्या वंशातली, म्युझिकमास्टरच्या नव्हे.

ही नावं दुकानदारही घेतो. तो एक गोष्ट सांगत नाही. या मंडळींच्या मागे मोठ्या आवाजात चढवलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचा, ॲम्प होता. अशा ॲम्पवर गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की आवाज नुसता लहान होत नाही, त्यातली फाटही जाते आणि तो स्वच्छ होतो. म्हणजे त्या एका नॉबमध्ये त्यांना तीन-चार आवाज मिळत होते. तुम्ही फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर हेडफोन लावून वाजवणार, किंवा छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर. त्यातली डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम आणलेली आवाजाची फाट, बऱ्याचदा या नॉबला तशी दाद देत नाही. व्हॉल्यूम पाचवर आणला की आवाज बारीक आणि गढूळ होतो, इतकंच. एका पिकअपच्या गिटारची महती खरी आहे, पण ती अर्धी त्या ॲम्पची आहे.

आता ब्रिजजवळच्या पिकअपमध्ये नेमकं काय मिळतं आणि काय नाही ते पाहू. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण ‘शार्प टोन’, ‘वॉर्म टोन’ हे शब्द ऐकून कुणाचंच समाधान होत नाही. तार छेडली की ती पूर्ण लांबीने हलते, तो मूळ स्वर. त्याच वेळी ती अर्ध्या, तृतीयांश, चतुर्थांश भागांतही हलत असते, ते उपस्वर. ब्रिजवर तार बांधलेली, त्यामुळे तिथे मूळ स्वराची हालचाल जवळजवळ शून्य, आणि मध्याकडे जावं तशी ती वाढते. फेंडर पद्धतीच्या गिटारची स्केल, म्हणजे मोकळ्या तारेची हलणारी लांबी, साधारण ६४८ मिलीमीटर. ब्रिजजवळचा पिकअप ब्रिजपासून साधारण ४० मिलीमीटरवर धरला आणि मानेजवळचा १६२ वर, तर हिशेब असा येतो की मोकळ्या तारेच्या मूळ स्वराची हालचाल मानेजवळच्या पिकअपखाली साडेतीन पटींहून जास्त असते. उपस्वरांचा तोटा मात्र ब्रिजपाशी तेवढा होत नाही. म्हणून ब्रिजचा आवाज धारदार, पुढे येणारा, ड्रम्स आणि कीबोर्डच्या गर्दीतून वाट काढणारा. डिस्टॉर्शन लावली की हाच गुण कामाला येतो, कारण डिस्टॉर्शनमध्ये खालचे स्वर जास्त असले की लापशी होते.

उलट, १६२ मिलीमीटर म्हणजे स्केलचा बरोबर चौथा भाग. तिथे मोकळ्या तारेचा चतुर्थांश भागांत हलणारा उपस्वर हलतच नाही, म्हणून तो पिकअपला ऐकूच येत नाही. मानेजवळच्या पिकअपचा तो गोल, पोकळसर आवाज येतो तो मूळ स्वर भरपूर आणि काही उपस्वर असे गाळलेले यामुळे. तो ॲम्पच्या ट्रेबलचा नॉब खाली करून तयार होत नाही. ट्रेबल कमी केला की सगळं वरचं सरसकट जातं. मानेजवळचा पिकअप निवडून गाळतो. गिटारच्या प्रोसेसरमधल्या (आवाज बदलणाऱ्या डिजिटल पेटीतल्या) इक्वलायझरने जवळ जाता येतं, पण हुबेहूब नाही.

मग गणपतीच्या कार्यक्रमात काय होईल? गायिका एखादं भावगीत धरते, तबला आहे, कीबोर्डवाला तंतुवाद्यांचा आवाज लावून बसला आहे, आणि तुम्हाला स्वच्छ आवाजात कॉर्डचे सुटे सूर सोडायचे आहेत. ब्रिजच्या हम्बकरवर ते टोचतात. त्यातून स्वस्त गिटारीत तो बहुधा सिरॅमिक चुंबकाचा, भरपूर वेटोळ्यांचा असतो. वेटोळी जास्त म्हणजे आवाज मोठा, पण वरची चमक कमी आणि मधला भाग फुगलेला. डिस्टॉर्शनला उत्तम, स्वच्छ कॉर्डला नाकात बोलल्यासारखा. तुमचे मित्र ‘कंटाळशील’ म्हणतात तेव्हा त्यांना हेच म्हणायचं असणार. रॉक वाजवून कोणी कंटाळत नाही, बाकी सगळं वाजवताना वैतागतो.

यावर उपाय नाहीत असं नाही. पहिला उपाय फुकट आहे, उजवा हात. तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर उठतच नाही. बरोबर मध्यावर, मोकळ्या तारेसाठी बाराव्या फ्रेटवर, छेडली तर तारेचे दोन, चार, सहा असे सम भाग पाडणारे सगळे उपस्वर गायब. ब्रिजपाशी पिक मारण्याऐवजी मानेच्या टोकाशी बोटांच्या मांसल भागाने वाजवा, आवाज एकदम नरम येतो. ज्युनिअर वाजवणारे हेच करतात. एका पिकअपच्या गिटारवर शिकलेल्या माणसाचा उजवा हात जास्त तयार असतो, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. स्विच हाताशी असला की हात हलवायचा आळस होतो.

दुसरा उपाय टोनचा नॉब, वरचे सूर कमी करणारा. आणि इथे तुमच्या पसंतीच्या गिटारवर माझा पहिला खरा आक्षेप आहे: तिला तो नाहीच. एक पिकअप चालेल, पण टोनशिवाय एक पिकअप म्हणजे रेग्युलेटर नसलेला पंखा. काही जण सांगतील, टोन पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) काढला की आवाज मोकळा होतो. त्यात तथ्य आहे, ५०० किलोओहमचे दोन पॉट समांतर जोडले की पिकअपवर २५० चा भार पडतो, एक काढला की वरचे सूर थोडे उघडतात. पण तुमची गिटार आधीच ब्रिजची. तिला आणखी उघडून काय करायचं आहे? एस्क्वायर बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. पिकअप एक असूनही तिला तीन जागांचा स्विच दिला: एका जागी टोन पूर्ण बाहेर, मधल्या जागी टोन नेहमीसारखा, आणि तिसऱ्या जागी कपॅसिटरने वरचे सूर कापून केलेला ठरावीक गडद आवाज.

टोनचा पॉट नंतर बसवता येतो, व्हॉल्यूमच्या शेजारी भोक पाडायला जागा असली तर. बुधवारात तपकीर गल्लीत पॉट आणि कपॅसिटर किरकोळ पैशांत मिळतात. फक्त नेहमीचा ०.०२२ मायक्रोफॅरडचा न लावता ०.०१० चा लावून बघा. लहान कपॅसिटर वरचं सगळं गिळत नाही, त्यामुळे नॉब शून्यापर्यंत नेला तरी आवाज चिखल होत नाही. व्हॉल्यूम कमी केल्यावर चमक जाते त्याच्यासाठी व्हॉल्यूम पॉटच्या पिकअपकडच्या आणि मधल्या टोकांमध्ये ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडतात. या दोन बदलांनी स्वस्त गिटार जेवढी सुधारते तेवढी महागड्या केबलने सुधारत नाही.

तिसरा उपाय पिकअपच्या तारा पाहून ठरतो. हम्बकरमधून चार रंगीत तारा बाहेर येत असतील तर त्याची दोन कॉइल समांतर जोडता येतात. आवाज थोडा लहान आणि बराच स्वच्छ होतो, आणि घरघर वाढत नाही. एक कॉइल बंद करण्याचा पर्यायही लोक सुचवतात, पण ब्रिजपाशी एकटी कॉइल चिरकी वाटते आणि घरघर परत येते. स्वस्त पिकअपमध्ये बऱ्याचदा एकच तार आणि तिच्याभोवती जाळी एवढंच असतं, मग यातलं काही सहजासहजी होत नाही.

घरघरीचा विषय निघालाच आहे तर, हम्बकर पाहिलात हे बरं केलंत. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला त्या रचनेत दोन कॉइल उलट्या वेटोळ्यांच्या आणि उलट चुंबकांच्या असतात, त्यामुळे विजेची ५० हर्ट्झची घरघर एकमेकींना खाते आणि तारांचा आवाज मात्र जोडला जातो. दोन-तीन सिंगल कॉइल असलेल्या अनेक गिटारीत स्विच दोन पिकअप एकत्र वाजतील अशा जागी टाकला की ही सोय आयती मिळते. एकच सिंगल कॉइल किंवा पी-९० असेल तर पळवाटच नाही. आपल्याकडे जुन्या वायरिंगच्या इमारती, अर्थिंगचा पत्ता नसलेले बोर्ड आणि मांडवातले डिमरचे दिवे, यात पी-९० दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत स्वतःच गाऊ लागतो. मांडवावरून आठवलं: गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात. मांडवाचं अर्थिंग बिघडलेलं असेल तर तारांना हात आणि माइकला ओठ लागताच झटका बसतो. वाजवण्याआधी मांडववाल्याकडून टेस्टरने तपासून घ्या, लाजू नका.

आता पैशांचं. ‘एक पिकअप वाचला, तो पैसा लाकडात आणि फ्रेटमध्ये गेला’ हे वाक्य तुम्हाला ऐकवलं गेलं असेलच. वरच्या किमतीच्या गिटारीत ते कधीकधी खरं असतं. तुमच्या किमतीत मी ते मानायला तयार नाही. कारखान्यात हजारोंनी बनणारा सिरॅमिक पिकअप बनवणाऱ्याला फार महाग पडत नाही. तो काढल्याने वाचलेल्या पैशांत फ्रेट घासून गुळगुळीत होत नाहीत, कारण त्या कामाला माणसाचा वेळ लागतो. एकाच मालिकेतली एक पिकअपची आणि दोन-तीन पिकअपची गिटार शेजारी ठेवून पाहा. मान, खुंट्या आणि ब्रिज बहुधा तेच असतात. किमतीतला फरकही पाहा. तो हजार-दीड हजाराचा असेल तर काटकसर हे कारण यादीतून काढून टाका. राहिलं दिसणं आणि आवाज. दिसणं हे कारण मी हलकं मानत नाही. जी गिटार भिंतीवर पाहून हातात घ्यावीशी वाटते तीच रोज वाजते.

लाकडाचा मुद्दा पूर्ण खोटाही नाही. मानेजवळच्या पिकअपसाठी खड्डा पाडला की मानेच्या सांध्याचं लाकूड कमी होतं. १९५९ च्या दोन कटावांच्या (मानेच्या दोन्ही बाजूंना बॉडी कापलेल्या) लेस पॉल स्पेशलमध्ये सांधा यामुळेच कमकुवत झाला आणि गिब्सनला पिकअप मागे सरकवावा लागला. ज्युनिअरला ही अडचण आलीच नाही. पण तो चिकटवलेला सांधा. तुमच्या किमतीतल्या गिटारीची मान सहसा चार स्क्रूंनी बसवलेली असते, तिथे हा फायदा कागदावरच राहतो. शिवाय बऱ्याच स्वस्त गिटारीत पिकगार्डखाली (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली) सगळ्या पिकअपचे खड्डे आधीच पाडलेले असतात, वरून फक्त एक भोक. हे खरं तर तुमच्या पथ्यावर पडणारं आहे: उद्या मानेजवळ पिकअप हवा झाला तर नवा पिकगार्ड लावून काम भागतं, लाकूड कोरावं लागत नाही. घेण्याआधी दुकानदाराला विचारा, तो सांगू शकला नाही तर त्या मॉडेलचे उघडलेल्या अवस्थेतले फोटो शोधा.

दुरुस्तीवाला म्हणून या गिटारींचा मला आवडणारा गुण वेगळाच आहे. बिघडायला काही नाही. पुण्याच्या पावसाळ्यात स्वस्त गिटारीचा स्विच आधी जातो. पत्र्याचे संपर्क काळे पडतात, खरखर सुरू होते, मधली जागा मुकी होते. इथे स्विचच नाही. पिकअप बदलायचा झाला तर एकच बदलायचा, म्हणजे चांगल्या पिकअपचा खर्च एकदाच. हे सगळं खरं असलं तरी एप्रिलमध्ये हवा कोरडी झाली की फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि जुलैत मान हलते, ते पिकअप एक असो की तीन, चुकत नाही. सेटअपचे पैसे धरूनच हिशेब करा. ज्युनिअरसारखा एका दांडीचा ब्रिज असेल तर आणखी एक पाहा. मूळ रचना तिसरी तार गुंडाळीची (वरून बारीक तार गुंडाळलेली) असण्याच्या काळातली आहे, साध्या तिसऱ्या तारेला ती सुरात बसत नाही. दांडीच्या माथ्यावर तारांगणिक पुढेमागे कंगोरे केलेले असतील तर ठीक, सरळ गुळगुळीत दांडी असेल तर वरच्या फ्रेटवर बेसूर ऐकू येईल.

आतापर्यंतचा हिशेब असा: रॉकसाठी आवाज योग्य, घरघर कमी, देखभाल सोपी. स्वच्छ वादनाला अडचण, टोन नसल्याने ती अडचण दुप्पट, आणि स्वस्ताईचा फायदा बहुधा नाममात्र.

म्हणून दुकानात परत जा, पण या वेळी परीक्षा उलटी घ्या. विक्रेता ॲम्पची डिस्टॉर्शन लावून देईल, ती बंद करायला सांगा. त्या आवाजात ही गिटार चांगलीच वाटणार, तिथे परीक्षा कसली? ॲम्प स्वच्छ, ट्रेबल मध्यावर. आधी प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून कुठे झणझण होते का पाहा, आणि बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतो का तेही. मग सोसायटीच्या कार्यक्रमात खरोखर वाजवणार असलेलं सर्वांत संथ गाणं घ्या आणि हात मानेकडे नेऊन दहा मिनिटं वाजवा. आवाज टोचत असेल तर पिकअप खाली करून मागा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंत दोन-अडीच मिलीमीटर अंतर ठेवलं की पुष्कळ स्वस्त हम्बकर माणसात येतात. दोन स्क्रूंचं काम आहे, नाही म्हणाले तर दुसरं दुकान. त्यानंतरही कान थकला तर ती गिटार तुमची नाही. मग त्याच किमतीतली ब्रिजला हम्बकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल असलेली एचएसएस गिटार घ्या. दिसायला चारचौघींसारखी आहे, मान्य, पण तुमच्या रॉकपासून सोसायटीच्या आरतीपर्यंत सगळं तिच्यात निभतं.

एका परिस्थितीत मी माझं मत बदलेन. ऑफिसच्या बँडमध्ये दुसरा गिटारवाला असेल आणि स्वच्छ साथ तो सांभाळत असेल, तर तुमची एका पिकअपची गिटार अडचण न राहता सोय होते. दोघांचे आवाज एकमेकांवर चढत नाहीत, तो खालून भरतो, तुम्ही वरून कापता. मग आवडलेलीच घ्या, पण टोनचा नॉब असलेली मिळते का ते आधी पाहा. स्क्वायरच्या सोनिक मालिकेत एका हम्बकरची मॉडेल्स आहेत, तीही त्याच वेळी हातात घेऊन पाहा. एपिफोनची ज्युनिअर तुमच्या एकूण रकमेत ॲम्पसकट बसणं अवघड, जुनी चांगल्या स्थितीत मिळाली तरच.

आणि गिटार कुठलीही ठरली तरी पंचवीसातले निदान आठ हजार ॲम्पसाठी वेगळे काढून ठेवा. हेडफोनवर वाजवणार असाल तर सर्वांत छोट्या ॲम्पऐवजी स्पीकरचा आवाज नक्कल करणारा छोटा प्रोसेसर घ्या. ब्रिजचा पिकअप स्पीकरच्या नकलेशिवाय थेट हेडफोनमध्ये ऐकलात तर माझ्या या सगळ्या लिखाणाची गरजच उरणार नाही, दुसऱ्याच दिवशी गिटार विकायला काढाल.